पृथुला आणि तन्वी

“मॅडम, हे दोघं नवरा-बायको आहेत,” शहनाज मुकादम म्हणाली आणि तिने दोन दगडी शंख टेबलावर शेजारीशेजारी ठेवले.

प्रयोगशाळेत जमलेली चार-पाच माणसं हसली. डॉ. वैजयंती टिळेकरही हसल्या, पण ते हसू ओठांवरच राहिलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या एकदम तापल्या. वय त्रेसष्ट, पुण्याच्या सह्यगिरी भूविज्ञान संस्थेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली, आणि तरी भर वर्गात कॉपी करताना पकडलेल्या मुलीसारखं त्यांना झालं.

त्या दोन शंखांचं बारसं त्यांनीच केलं होतं, २०१६ साली, म्हणजे सत्तावीस वर्षांपूर्वी. हे शंख नॉटिलस कुळातले. नॉटिलस आजही जिवंत आहे. बाहेरून गुंडाळलेला शंख, आत एकामागे एक खोल्या पाडलेल्या, आणि शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या खोलीत माकुलाच्या, म्हणजे स्क्विडच्या, नात्यातला हा बहुभुज प्राणी राहतो. शंख वाढला की तो पुढे सरकतो आणि मागे एक पडदा घालून जुनी खोली बंद करतो. डायनासोर संपले, समुद्रातले त्यांच्या बरोबरीचे अ‍ॅमोनाइट संपले, हा मात्र तगला. नऊ-साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस काळात, समुद्र पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडकात या कुळातले शंख सापडतात. प्राणी तर कधीच कुजून गेलेला, तेव्हा जाती ठरवायच्या त्या शंखावरून. शंख किती फुगीर आहे, पडदा बाहेरच्या भिंतीला टेकतो तिथली शिवण सरळ की वळणदार, पडद्यांमधून जाणारी नळी मधोमध की कडेला, हे बघायचं.

वैजयंतीबाईंना त्या खडकात दोन प्रकार दिसले. एक गोलमटोल, रुंद तोंडाचा. त्याचं नाव त्यांनी ठेवलं युट्रेफोसेरास पृथुला. दुसरा चपटा, सडसडीत. तो युट्रेफोसेरास तन्वी. चपटा शंख पाणी कापत जातो, म्हणून तन्वी किनाऱ्याजवळच्या खळाळत्या, उथळ पाण्यात राहत असणार. गोल शंख संथ, म्हणून पृथुला खोल, शांत पाण्यातली. या दोघी एका थरात कधीच सापडत नाहीत, असं त्यांनी लिहिलं. मग ज्या थरात तन्वी सापडेल तिथे समुद्र उथळ आणि जिथे पृथुला तिथे खोल, असा हिशेब मांडून त्या प्राचीन समुद्राच्या चढउताराचा आलेखच त्यांनी काढला. ‘टिळेकर आलेख’ म्हणून तो पाठ्यपुस्तकांत गेला.

शहनाजच्या यंत्राने तो आलेख नऊ दिवसांत पुसून टाकला.

यंत्राला संस्थेत सगळे ‘वाचक’ म्हणत. शंखाचा पडदा तयार होताना समुद्राच्या पाण्यातला ऑक्सिजन त्यात बसतो. हा ऑक्सिजन दोन वजनांचा असतो, हलका आणि जड. पाणी गार असेल तर शंखात जडाचं प्रमाण वाढतं, ऊन असेल तर घटतं. म्हणजे प्रत्येक पडदा तो घातला त्या वेळचं पाण्याचं तापमान सांगू शकतो. अडचण अशी की कोट्यवधी वर्षांत शंखाचं मूळ द्रव्य बदलून त्याचा दगड होतो आणि ही खूण पुसली जाते. नर्मदेचे शंख तर पार दगड झालेले, असंच सगळे धरून चालले होते. शहनाजच्या गटाने दाखवलं की दहा हजारांत एखादा कण मूळचा, जसाच्या तसा शिल्लक असतो. वाचक शंख न फोडता तेवढेच कण हुडकून वाचत असे. पुरताना आजूबाजूच्या गाळातून जे धातू शंखात झिरपले, तेही तो मोजी, त्यामुळे शंख नेमका कुठल्या थरातला हेही कळे.

“हे बघा,” शहनाजने संगणकाच्या पडद्यावर दोन रेषा आणल्या. “पहिले काही कप्पे दोघांचे ऊन पाण्यातले. म्हणजे अंडी एकाच उथळ जागी घातलेली. बाहेर पडल्यावर दोघंही गार पाण्यात उतरले, सारख्याच खोल. दहा-अकरा वर्षं रेषेवर रेषा. फरक पडतो तो शेवटच्या तीन कप्प्यांत, वयात आल्यावर. एकाचं तोंड रुंदावतं. आजच्या नॉटिलसमध्येही नराचंच रुंदावतं, मिलनाच्या अवयवाला जागा लागते म्हणून. तुमची पृथुला बाई नव्हे मॅडम, बुवा आहे.”

पुन्हा हशा झाला. शहनाज रत्नागिरीची, बोलायला मोकळी, आणि तिच्या बोलण्यात विखार नव्हता. तिने उलट हळूच वैजयंतीबाईंच्या हातावर हात ठेवला. “तुम्ही एकट्या नाही. दोन वर्षांत जगभरातल्या क्रिटेशस नॉटिलसच्या जातींपैकी तिसरा हिस्सा नावं गळालीयत. एका म्हाताऱ्या संशोधकाने तर कपाटांच्या किल्ल्या द्यायलाच नकार दिला. तुम्ही स्वतःहून नमुने दिलेत.”

संचालक केळुसकर उभेच राहिले. “टिळेकर मॅडम, आपली चूक अशी चारचौघांत ऐकून घ्यायला मोठं मन लागतं. तेव्हा हे यंत्र नव्हतं, तुम्हाला कळणार तरी कसं? पुढच्या महिन्यात वर्धापनदिनाला आपण तुमचा सत्कार करू. ‘विज्ञानातला प्रामाणिकपणा’ असाच विषय ठेवू.”

टाळ्या पडल्या. वैजयंतीबाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता तसाच खाली ठेवला.

कारण त्यांना कळलं होतं. अठरा वर्षांपूर्वी, कुठल्याही यंत्राशिवाय.

*

घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. “शिडी कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

मुकुंदराव बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीतली माती उकरत होते. हात झटकत ते आत आले. “शिडी? आता दुपारची?”

“माळ्यावरचा तो दगड काढायचाय.”

“कुठला? तुझ्या गुरूंनी दिलेला?”

“गुरूंनी नव्हता दिला. चोरलेला आहे.”

मुकुंदरावांना वाटलं, बायको थट्टा करतेय. मग त्यांनी तिचा चेहरा बघितला आणि मुकाट्याने शिडी आणली. जुन्या चादरीत बांधलेली ती चौदा किलोची शिळा त्यांनी खाली उतरवली, खुर्चीवर ठेवली आणि गाठ सोडली. करड्या चुनखडकात दोन शंख एकमेकांना खेटून रुतलेले होते, एक गोल, एक चपटा. कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने, गोल वळणदार अक्षरात आकडा लिहिला होता, ११७.

मग वैजयंतीबाईंनी पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

जमना पावरा त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावची, सातपुड्यातली. नर्मदेपलीकडचे ओढे-नाले तिच्या पायाखालचे. खडक बघायची तिची नजर अशी की वैजयंतीबाई गमतीने म्हणत, हिला घेऊन गेलं की हातोडी न्यायची गरज नाही. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, “मॅडम, पृथुलाची पिल्लं कुठली आणि तन्वीची कुठली, हे मला ओळखता येत नाही.” खरं म्हणजे ते वैजयंतीबाईंनाही येत नव्हतं. लहान शंख त्या अर्धे या खोक्यात टाकत, अर्धे त्या. जमनाने ते सगळे मोजले आणि सांगितलं, या दोन जाती नाहीतच, नर आणि मादी आहेत. आणि पुरावा म्हणून एका नाल्यातून ही शिळा आणली. तिच्या वडिलांनी, वेस्ता पावरांनी, ती खांद्यावर घेऊन चार मैल चालत गाडीरस्त्यापर्यंत पोचवली होती. एका थरात कधीच सापडत नाहीत म्हणून ज्यांच्याबद्दल वैजयंतीबाईंनी छापलं होतं, ते दोघं इथे एका शिळेत होते.

“मला हे बघताक्षणीच पटलं होतं,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “पण त्याच महिन्यात माझ्या आलेखावर तो मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प मंजूर व्हायचा होता. आणि खरं सांगू? तेवढंच नव्हतं. मी जे दहा वर्षं हाताळत होते ते त्या मुलीने एका पावसाळ्यात ओळखलं, हे मला सहन झालं नाही. मी शिळा घरी आणली. म्हटलं, निवांत बघू. म्हटलं, तिची व्हायवा झाली की परत ठेवू.”

व्हायवाला परीक्षकांनी विचारलं, मूळ नमुना कुठे आहे? कपाटात नव्हता. फोटो होते. “हल्ली फोटो काय, कुणीही बनवतं,” परीक्षक म्हणाले. रजिस्टरमध्ये नोंद होती. “नोंद तुम्हीच केलेली,” परीक्षक म्हणाले. जमनाने आपल्या गाईडकडे बघितलं. वैजयंतीबाई समोरच्या कागदांकडे बघत राहिल्या.

तेव्हा शेवटच्या रांगेतून वेस्ता पावरा उभे राहिले. नवा पांढरा सदरा घालून ते मुलीची परीक्षा बघायला पुण्याला आले होते. मोडक्या मराठीत ते म्हणाले, “दगड होता. मी आणला. खांद्यावर.”

परीक्षक हसले. आणि वैजयंतीबाई म्हणाल्या, “काका, बसा तुम्ही. हे शास्त्राचं काम आहे.”

प्रबंध ‘मूळ पुराव्याअभावी’ परत गेला. जमनाची शिष्यवृत्ती संपली होती. ती पुन्हा आली नाही.

मुकुंदराव चादरीची गाठ पुन्हा बांधू लागले. मग म्हणाले, “हा मी वर चढवला होता.”

“हो.”

“तू म्हणालीस, जपून ठेवा, गुरूंची आठवण आहे. आणि मी दर दिवाळीला पुसला गं हा. दर दिवाळीला.” त्यांचा आवाज चढला नाही, पण चहाच्या वेळी ते आपला कप घेऊन बाल्कनीत गेले आणि तिथेच उभे राहून प्यायले.

*

दुसऱ्या दिवशी वैजयंतीबाई शिळा घेऊन शहनाजकडे गेल्या. आकडा बघताच शहनाज खुर्चीतून उठली.

“एकशे सतरा? हा तर रजिस्टरमध्ये गहाळ आहे. कुठे मिळाला?”

वैजयंतीबाईंनी सांगितलं. शहनाजने शिळा वाचकात ठेवली, दार लावलं आणि पाठ वळवूनच ती म्हणाली, “मी इथे आले तेव्हा मला सांगितलं होतं, ती पावरा म्हणून मुलगी होती ना, तिचे आकडे तपासून घे, ती खोटे नमुने बनवायची. अकरा वर्षं झाली. मी तिचा प्रत्येक नमुना दोनदा तपासते. एकही आकडा चुकलेला नाही. मला वाटायचं, एवढी नीट मुलगी असं का वागली असेल?”

वैजयंतीबाई रिकाम्या चादरीची घडी घालू लागल्या.

“केळुसकर सरांना मी सांगू का तुम्ही सांगताय?”

“मी सांगते. पण आधी मला तिला भेटू दे.”

“आठ दिवस,” शहनाज म्हणाली. कालच्या त्या हातावर ठेवलेल्या हाताची ऊब आवाजात कुठेच नव्हती. ‘मॅडम’ही नव्हतं.

*

शहाद्यापर्यंत गाडी आपली आपण गेली. पुढच्या घाटासाठी मात्र अजूनही माणूसच लागे, म्हणून तिथे एक चालक बसला. धडगावच्या थोडं अलीकडे, रस्त्याच्या वर, जमनाचं घर होतं. अंगणात मक्याची कणसं वाळत घातलेली, ओट्यावर पंपाचे सुटे भाग आणि नकाशांच्या गुंडाळ्या. जमना नुकतीच कुठूनशी आली होती, बुटांना ओला गाळ लागलेला. केस अर्धे पांढरे झाले होते. तिने गाडीतून उतरणाऱ्या बाईंना ओळखलं आणि जागची हलली नाही.

“फोन केला असता तर मी सांगितलं असतं, येऊ नका,” ती म्हणाली. मग जराशाने, “बसा.”

शहनाजकडून मागून घेतलेली शिळा चालकाने ओट्यावर आणून ठेवली. वैजयंतीबाईंनी चादर सोडली. जमनाने हात लावला नाही. वाकून फक्त आकडा बघितला.

“कुठे होता?”

“माझ्या घरी. माळ्यावर.”

“व्हायवाच्या आधीपासून?”

“तीन आठवडे आधीपासून.”

जमनाने मान हलवली. जणू बोअरच्या खोलीचा आकडा कुणी सांगितला होता आणि तो तिच्या अंदाजाशी जुळला होता. “मला माहीत होतं. कपाटाची चावी दोघींकडेच होती. मी घेतला नव्हता. एवढं गणित मला येतं, मॅडम.”

“मग बोलली का नाहीस?”

“कुणाला सांगणार होते? काही अडलं तर तुम्हालाच सांगायचं, असं तुम्हीच शिकवलं होतं.”

जमना बुटांचा गाळ काडीने खरवडत बोलत राहिली. “त्या यंत्राचं मी वाचलं. बरं झालं. माझं वाटोळं झालं असं समजून आला असाल, तर तसं काही नाही. त्रेसष्ट गावांचे झरे आणि बोअर मी बघते. मी सांगितलेल्या जागी पाणी लागतं. लोक मानतात. फक्त एक आहे. अठरा वर्षांत मी एकही शंख हातात घेतला नाही. नाल्यात पायाखाली आला तरी ओलांडून जाते.”

“जमना, मला तुझी माफी—”

“माझं नंतर बघू. आधी त्यांची मागा.”

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पाय सुजलेले, पण पाठ ताठ. वैजयंतीबाईंनी पर्समधून कानात घालायचा दुभाषी काढला. त्याला पावरी येते की नाही, हे त्या बघत होत्या.

“ते ठेवा आत,” जमना म्हणाली. “त्यांना मराठी कळतं. तेव्हाही कळत होतं.”

वैजयंतीबाई खाटेजवळ गेल्या. बसायला काही नव्हतं, त्या खाली जमिनीवर बसल्या. “काका, मी वैजयंती टिळेकर. पुण्याहून आलेय. तो दगड... तुम्ही आणलेला... माझ्याकडे होता.”

वेस्ता पावरांनी कानामागे हात धरला. “काय?”

“त्यांना ऐकू कमी येतं,” जमना ओट्यावरून म्हणाली. “मोठ्याने सांगा.”

“दगड माझ्याकडे होता!”

“काय होतं?”

शेजारच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. रस्त्यावर एक माणूस सायकल धरून थांबला. व्याख्यानांत हजार माणसांसमोर न अडखळणाऱ्या वैजयंतीबाई इथे अडखळल्या. घरून निघताना त्यांनी वाक्यं जुळवली होती, ‘त्या काळच्या परिस्थितीत’, ‘माझ्या हातून घडलेलं’. त्यांतलं एकही ओरडून सांगता येण्यासारखं नव्हतं.

“दगड मी लपवला!” त्या ओरडल्या. “जमना खरं बोलत होती! तुम्ही खरं बोलत होता! खोटी मी होते!”

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. आता वेस्ता पावरांना ओळख पटली होती.

“तुला तेव्हा माहीत होतं?”

“हो.”

“मी उभा राहिलो, तेव्हा?”

“हो.”

“मग मला बस का म्हणाली?”

अठरा वर्षांत वैजयंतीबाईंनी या प्रश्नाची किती उत्तरं तयार केली होती! प्रकल्पावर सात विद्यार्थ्यांचं भवितव्य होतं. नमुन्याचा थर पुन्हा तपासायला हवा होता. वेळ योग्य नव्हती. ती सगळी उत्तरं या माणसासमोर, या मातीत बसून, तोंडातून निघेनात.

“मी घाबरले,” त्या म्हणाल्या.

हे म्हाताऱ्याला पहिल्याच वेळी ऐकू आलं. “कुणाला? मला?”

वैजयंतीबाईंना कळलं की ते खरंच होतं. त्या सभागृहात परीक्षकांची नाही, जमनाचीही नाही, त्यांना भीती वाटली होती ती शेवटच्या रांगेतल्या त्या पांढऱ्या सदऱ्याची.

“हो. तुम्हालाच.”

वेस्ता पावरांनी आपले दोन्ही रिकामे हात पुढे करून बघितले. “माझ्याजवळ तर काहीच नव्हतं,” ते म्हणाले. “दगडसुद्धा तुझ्याकडेच होता.”

वैजयंतीबाईंनी पदराने तोंड झाकलं. कुणी त्यांना उठवलं नाही, कुणी पाणी आणलं नाही. थोड्या वेळाने म्हातारा जमनाला पावरीत काही म्हणाला.

“काय म्हणाले?”

“म्हणतात, गाडी उजेड आहे तोवर घाटातून उतरली पाहिजे. तुम्ही निघा.”

गाडीपाशी जमना आली ती शिळा घेऊनच. वैजयंतीबाई चटकन म्हणाल्या, “ती तुझी आहे. इथे ठेव.”

“तुम्ही अठरा वर्षं घरात ठेवलीत, मी पण घरातच ठेवू का? नमुना आहे तो. संस्थेत न्या. रजिस्टरमध्ये ‘गहाळ’ लिहिलंय ते खोडा. आणि शोधणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव आहे तिथे वेस्ता पावरा लिहा. पाण्यातून दगड त्यांनी काढला होता. मी फक्त त्यातले शंख ओळखले.”

“माझा सत्कार ठेवलाय पुढच्या महिन्यात,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “त्याच सभागृहात. तिथे उभी राहून मी सगळं सांगणार आहे.”

“नको.” जमना पहिल्यांदाच रागावलेली दिसली. “भाषण नको. भाषणाला टाळ्या पडतात. म्हणतील, बाईंनी केवढं धाडस केलं. लिहा आणि छापा. आणि माझा प्रबंध कपाटात असेल ना तुमच्या? तो मला पाठवा. शेवटचं प्रकरण मला पुन्हा लिहायचंय.”

*

सत्कार रद्द झाला. संचालक केळुसकरांनी आधी विश्वासच ठेवला नाही, मग चौकशी समिती नेमली, मग वैजयंतीबाईंची मानद खोली आठवड्यात रिकामी करायला सांगितली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी काहींनी फोन उचलणं सोडलं. एकाने मात्र फोन करून सांगितलं, “मॅडम, कशाला उकरून काढलंत? आमच्याही पदव्यांकडे आता लोक बोट दाखवतात.” हे त्यांना सगळ्यांत झोंबलं, कारण तेही खरं होतं. मुकुंदराव घरात बोलत होते, जेवत होते, औषधांच्या वेळा सांभाळत होते. पण कपाटातलं काही काढायचं झालं तर ते आता आधी विचारत, “हे काय आहे?”

लेख जमना पावरा आणि शहनाज मुकादम या दोघींचा होता. पुराव्याच्या भागात एक निवेदन वैजयंतीबाईंनी लिहून द्यायचं होतं. त्यांनी लिहिलं, ‘नमुना क्रमांक ११७ या काळात पर्यवेक्षकाच्या ताब्यात राहून गेला.’ धडगावहून मजकूर परत आला. ‘राहून गेला’ खोडून जमनाने वर लिहिलं होतं, ‘लपवला’. ओरडून सांगितल्यावरही, कागदावर येताच वैजयंतीबाईंचा हात पुन्हा पळवाट शोधत होता.

एक गोष्ट उरली होती. दोन जाती एक ठरल्या की एकच नाव टिकतं, जे आधीचं असेल ते. पृथुला आणि तन्वी ही नावं एकाच लेखात, एकाच दिवशी छापलेली. अशा वेळी त्यांना पहिल्यांदा एकत्र आणणाऱ्याने जे निवडावं ते कायम होतं. जमनाने तन्वी निवडलं. आणि प्राण्याच्या शास्त्रीय नावामागे, ज्याने ते पहिल्यांदा छापलं त्याचं आडनाव आणि साल लिहायची रीत आहे. युट्रेफोसेरास तन्वी टिळेकर, २०१६.

वैजयंतीबाईंनी जमनाला फोन लावला. मागे बोअरच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

“माझं आडनाव काढून टाकता येत नाही का? तुझं घाल. मी लिहून देते, कुठेही सही करते.”

“तसा नियम नाही,” जमना म्हणाली. “नाव ज्याने आधी छापलं त्याचंच राहतं. शंभर वर्षांनीसुद्धा. तुम्हीच शिकवलंय.”

“मला ते नकोय, जमना.”

“माहीत आहे.” पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. तिने थांब म्हणून सांगितलं. “राहू दे मॅडम. कुणीतरी वाचेल, टिळेकर कोण म्हणून शोधेल, आणि मग आमचा लेख सापडेल. ठेवते. इथे पाणी लागतंय.”

त्याच दुपारी प्रूफं आली. वैजयंतीबाईंनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, जिथे जिथे आपलं नाव आलं होतं तिथे तिथे ते बरोबर लिहिलंय ना, एवढंच तपासलं. एका ठिकाणी ‘टि’ ऱ्हस्व हवा तो दीर्घ पडला होता. तो त्यांनी दुरुस्त केला आणि प्रूफं परत पाठवली.